सोमवारचा उपास आणि वजनाचा उपास

चौदा वर्षांची मुलगी एक दिवस म्हणते, "आई, मी सोमवार धरणार." आजी सुखावते, आई वरीचे तांदूळ निवडायला घेते. यात वावगं काहीच नाही, आपल्याकडे कितीतरी मुली या वयात पहिला उपास धरतात. पुढे सोमवाराला गुरुवार जोडला जातो, मग संकष्टी, मग शनिवार. आठवड्यातले तीन-चार दिवस ती जेवत नाही आणि तरी घरात कुणी हटकत नाही, कारण उपास करणाऱ्याला आग्रह करायचा नसतो.

देवासाठीचा उपास आणि बारीक होण्यासाठीचा उपास बाहेरून अगदी सारखे दिसतात. ताटाकडे नीट बघितलं तर मात्र फरक कळतो.

आपला उपास म्हणजे उपाशी राहणं नव्हेच. साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, वर दही. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण उगीच पडलेली नाही. वजनाचा उपास करणारी मुलगी या खिचडीलाच घाबरते. "तूप कशाला घातलंस?" म्हणते, दाणे बाजूला काढते, शेवटी नुसत्या चहावर दिवस काढते.

दुसरी खूण उपास सुटण्याची. संकष्टी चंद्रोदयाला सुटते, एकादशी द्वादशीला. वजनाच्या उपासाला सुटायची वेळच नसते. रात्री पानावर बसायची वेळ आली की "मैत्रिणीकडे खाल्लं" असं उत्तर येतं. चुकून काही तोंडात गेलं तर सोमवारवाली "अगंबाई, विसरलेच!" म्हणते आणि विषय संपतो. दुसरी रडते, चिडते आणि स्वतःला शिक्षा म्हणून पुढचंही जेवण टाळते.

हा निव्वळ हट्ट आहे असं समजून तिच्यावर ओरडू नये, असं मला कळकळीने वाटतं. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुण पुरुषांना, त्यांच्या संमतीने, सहा महिने अर्धपोटी ठेवलं. रोज साधारण १,५७० कॅलरी. त्यांचं वजन सुमारे चतुर्थांशाने घटलं. ते चिडचिडे आणि एकलकोंडे झाले, त्यांना सतत थंडी वाजू लागली, आणि डोक्यात दिवसभर अन्नाचेच विचार. काहीजण तर पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. यातल्या कुणालाही बारीक व्हायचं नव्हतं. उपासमारीनेच त्यांचं मन बदललं होतं. घरादाराला केक करून खायला घालणारी आणि स्वतः बोटभरही न चाखणारी मुलगी पाहिली की मला ती माणसं आठवतात. आणि ते तर वाढ पूर्ण झालेले पुरुष होते. १३ ते १५ वर्षांच्या मुलीची रोजची गरज हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये साधारण २,४०० कॅलरी धरली आहे.

याच वयात मुलींच्या कमरेवर, मांड्यांवर चरबी येते. ती यायलाच हवी, पाळी सुरू होण्याशी आणि नियमित राहण्याशी तिचा संबंध आहे. नेमकं तेव्हाच लग्नाकार्यात कुणीतरी मावशी म्हणते, "अगं, सुटलीस की!" आणि चार महिन्यांनी तीच मावशी, "आता कशी छान बारीक झालीस!" दोन्ही वाक्यं मुलगी विसरत नाही.

कधी दोन्ही उपास एकाच मुलीत असतात. तिची श्रद्धा खरी असते आणि वजनाची भीतीही खरी असते. तिथे देवावरून वाद घालू नये. आजीने म्हणून बघावं, "तुझे सोमवार मी धरते, तू जेव." श्रद्धेने उपास करणारी थोडी कुरकुर करेल, पण बहुधा ऐकेल. दुसरीच्या चेहऱ्यावर भीती दिसेल.

ती दिसली, किंवा पाळी थांबली, चक्कर येऊ लागली, केस गळू लागले, तर वजनाचा काटा काय सांगतो याची वाट पाहू नका. वजन वयाच्या मानाने ठीक दिसत असतानाही वजनाच्या भीतीने न जेवण्याचा हा आजार असू शकतो. आधी बालरोगतज्ज्ञांकडे आणि त्यांच्या सल्ल्याने मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. कुठे जावं हेच सुचत नसेल तर सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, आणि तिथे मराठीत बोलता येतं.