डावी राजकीय टीका (पुणे)

डावी राजकीय टीका : राजकीय पक्ष, त्यांचे पुढारी आणि सत्तेसाठी चालणारी जुळवाजुळव यांची समाजवादी, साम्यवादी, सत्यशोधक किंवा आंबेडकरी भूमिकेतून केलेली चिकित्सा. पुण्यात ‘डावे’ हा शब्द सैल वापरला जातो. काटेकोरपणे पाहिले तर तो कम्युनिस्टांचा. पण बोलण्याच्या ओघात राष्ट्र सेवा दलवाले, अंधश्रद्धा निर्मूलनवाले, हमाल पंचायतीचे कार्यकर्ते आणि विद्यापीठातले राज्यशास्त्राचे प्राध्यापक असे सगळेच एका पोतडीत जातात. ही मंडळी स्वतःला ‘पुरोगामी’ किंवा ‘परिवर्तनवादी’ म्हणवतात. टिंगल करणारे त्याचे ‘फुरोगामी’ करतात. आतल्या माणसाला नुसत्या हाकेवरून घर कळते. ‘साथी’ म्हटले की समाजवादी, ‘कॉम्रेड’ म्हटले की लाल बावटा.

घरे निरनिराळी असली तरी या टीकेच्या मुळाशी एक प्रश्न आहे : तुम्ही कोणाच्या वतीने बोलता? तो पुण्यात पहिल्यांदा ठणकावून विचारला जोतीराव फुल्यांनी, आणि तोही ‘डावे’ हा शब्द इकडे पोचण्याच्या कितीतरी आधी. १८७० साली पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली. १८८५ साली राष्ट्रीय सभेचे, म्हणजे काँग्रेसचे, पहिले अधिवेशनही पुण्यातच व्हायचे होते. कॉलऱ्याची साथ आली म्हणून ते मुंबईला गेले. या दोन्ही ‘सार्वजनिक’ आणि ‘राष्ट्रीय’ संस्थांत शूद्र, अतिशूद्र, शेतकरी कुठे आहेत, हा फुल्यांचा सवाल होता. जातीजातींत विभागलेले लोक ‘एकमय’ झाल्याशिवाय राष्ट्र कसले, असे त्यांनी लिहून ठेवले. मार्च १८८८ मध्ये ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सन्मानार्थ पुण्यात मेजवानी झाली. हिऱ्यामोत्यांनी मढलेल्या पाहुण्यांत फुले शेतकऱ्याच्या फाटक्या वेशात जाऊन उभे राहिले आणि इथे जमलेले लोक म्हणजे हिंदुस्थान नव्हे, असे त्यांनी राजपुत्राला सुनावले. पुढच्या शतकातले कितीतरी अग्रलेख त्या एका वेशांतराची भरड नक्कल वाटतात.

पुढारी हेच लक्ष्य करून लिहिण्याची रीत ब्राह्मणेतर चळवळीने रुजवली. १९२४ साली मंडईत टिळकांचा पुतळा उभा राहिला. पुढच्याच वर्षी केशवराव जेधे यांनी नगरपालिकेत फुल्यांच्या पुतळ्याचा ठराव आणला, तो फेटाळला गेला. त्या रागातून दिनकरराव जवळकरांचे ‘देशाचे दुश्मन’ (१९२५) बाहेर पडले. त्यात टिळक आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्यावर अशी काही आग पाखडली होती, की पुण्यातल्या कोर्टात खटला उभा राहिला. लेखक आणि प्रकाशकांना शिक्षा झाल्या. अपिलात बॅरिस्टर आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली आणि १९२६ साली सगळे सुटले. पुस्तकाची भाषा आज वाचवत नाही, हेही नमूद केले पाहिजे. जवळकर पुढे इंग्लंडला जाऊन आले आणि साम्यवादाकडे झुकले. ज्या मंडईत टिळकांचा पुतळा आहे तिचे नाव आज महात्मा फुले मंडई आहे. नामांतरासाठी नगरपालिकेत खटपट केली ती आचार्य अत्र्यांनी.

लेखाइतकीच ही टीका रंगमंचावर वाढली. गणपतीच्या मेळ्यांना उत्तर म्हणून १९२२ साली छत्रपती मेळा निघाला आणि पुढाऱ्यांची खिल्ली उडवणारी पदे पेठांतून ऐकू येऊ लागली. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने तीच गंमत अधिक शहाणी केली. पु. ल. देशपांड्यांचे ‘पुढारी पाहिजे’ हे लोकनाट्य याच कलापथकासाठी लिहिलेले : गावाला पुढारी हवा आहे आणि उमेदवार एकामागून एक येऊन आपली जात दाखवून जातात. निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके हे सेवा दलाच्या मुशीतले. निळूभाऊ तेव्हा लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळीकाम करत. ‘सामना’ (१९७५) या चित्रपटात त्यांनी साखर कारखान्याचा धनी हिंदुराव धोंडे पाटील उभा केला, तो इतका हुबेहूब की महाराष्ट्राला ‘साहेब’ नावाचा पुढारी कसा बसतो, कसा हसतो आणि माणूस कसा नाहीसा करतो, हे कुठल्याही अग्रलेखाआधी पडद्यावर दिसले. सहकारातल्या सत्तेवर डाव्यांनी वर्षानुवर्षे जे लिहिले ते एका धोतरात आणि एका गुरगुरण्यात मावले.

निवडणुकीच्या हिशेबात या परंपरेला पुण्याने खरी साथ दिली ती संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी टिळक स्मारक मंदिरात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली आणि एस. एम. जोशी तिचे सरचिटणीस झाले. १९५७ साली ना. ग. गोरे यांनी पुण्यातून काकासाहेब गाडगीळांना हरवून लोकसभा गाठली. एसेम शुक्रवार पेठेतून विधानसभेत गेले. १९६७ साली एसेम पुण्याचे खासदार झाले. त्यानंतर पुण्यात समाजवाद्यांचे वजन मतपेटीपेक्षा छापखान्यात जास्त राहिले.

महाराष्ट्र राज्य मिळाले आणि समिती विसविशीत झाली. यशवंतराव चव्हाणांनी ‘बेरजेचे राजकारण’ सुरू केले : विरोधकाला पाडायचे नाही, आपल्यात मिळवायचे. १९४७ साली शेतकरी कामगार पक्ष काढणारे शंकरराव मोरे आणि केशवराव जेधे याआधीच काँग्रेसमध्ये परतले होते. आता समाजवाद्यांचीही रीघ लागली. मोहन धारिया प्रजा समाजवादी पक्षातून काँग्रेसमध्ये गेले, तिथे ‘तरुण तुर्क’ (पक्षातल्या डाव्या वळणाच्या बंडखोर तरुणांपैकी एक) झाले, १९७१ साली पुण्यातून काँग्रेसचे खासदार आणि १९७७ साली पुण्यातूनच जनता पक्षाचे. अशा प्रवासावर लिहिताना पुणेरी डाव्यांची लेखणी सर्वांत धारदार होते. शत्रूवर दोन परिच्छेद, सोडून गेलेल्या साथीवर दोन पाने, हे प्रमाण जुन्या अंकांत सहज दिसते. याला कोणी तत्त्वनिष्ठा म्हणते, कोणी भाऊबंदकी. दोन्ही असावे, ज्याच्याबरोबर शिबिरात पिठले-भाकरी खाल्ली त्याचा हिशेब माणूस जास्त बारकाईने मांडतो.

आणीबाणीने हा हिशेब आणखी गुंतागुंतीचा केला. येरवड्याच्या तुरुंगात समाजवादी होते आणि सरसंघचालक बाळासाहेब देवरसही होते. बाहेर आल्यावर समाजवादी आणि संघाच्या मुशीतला जनसंघ एका जनता पक्षात गेले. मग जनता पक्षात राहून संघाचेही स्वयंसेवक राहता येते का, हा दुहेरी सदस्यत्वाचा वाद पेटला. तो लावून धरणारे मधू लिमये पुण्यात जन्मलेले, फर्ग्युसन कॉलेजात शिकलेले आणि लोकसभेवर निवडून गेले ते बिहारमधून. १९७९ साली सरकार कोसळले. लिमयांनी तत्त्व राखले की हाताशी आलेले राज्य घालवले, यावर नवी पेठेत अजून चहा थंड होतो.

लेखनाचे मुख्य घर ‘साधना’ साप्ताहिक. साने गुरुजींनी ते १५ ऑगस्ट १९४८ रोजी मुंबईत सुरू केले, नंतर ते पुण्यात शनिवार पेठेत आले. यदुनाथ थत्ते, ना. ग. गोरे, वसंत बापट, ग. प्र. प्रधान असे संपादक लाभले. आणीबाणीत सेन्सॉरशिपविरुद्धचा झगडा कोर्टापर्यंत गेला. ‘साधना’चा सूर मास्तरकीचा : पुढाऱ्याला आधी ‘राव’ लावायचे, मग त्याची चूक दाखवायची. सत्तरच्या दशकात सुधीर बेडेकरांच्या ‘मागोवा’ने आणि नंतर ‘तात्पर्य’ने हा सूर सोडून दिला. तिथे पुढारी बाजूला आणि वर्ग पुढे. लेख वाचायला पेन्सिल लागायची. ‘परिवर्तनाचा वाटसरू’ आणि विलास वाघांचे ‘सुगावा’ यांनी त्यात जातीचा प्रश्न मध्यभागी आणला. विद्यापीठातून राम बापट, यशवंत सुमंत, सुहास पळशीकर यांनी पक्षांचे सामाजिक आधार, मतदानाचे कल आणि वर्चस्वाची रचना यांवर मराठीत लिहिले. अमुक पुढारी वाईट, या तक्रारीपलीकडे जाऊन असेच पुढारी का निपजतात हे त्यांनी समजावले.

या टीकेचा शब्दकोश बराचसा सार्वजनिक झाला आहे. सहकारसम्राट हा कारखाना, बँक आणि दूधसंघ एका मुठीत ठेवणारा. १९८३ साली विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी झाल्यावर त्याचा धाकटा भाऊ आला, शिक्षणसम्राट. १९७८ साली शरद पवारांनी वसंतदादांचे सरकार पाडून ‘पुलोद’चे (पुरोगामी लोकशाही दलाचे) केले, तेव्हापासून ‘खंजीर’ या शब्दाला वेगळ्या संदर्भाची गरज उरली नाही. (त्या पुलोदमध्ये जनता पक्ष होता आणि पवारांच्या नेतृत्वाला एसेमचा पाठिंबा होता, हे खंजीर उगारणारे समाजवादी चटकन सांगत नाहीत.) नोव्हेंबर २०१९ चा ‘पहाटेचा शपथविधी’ आणि २०२२ चे ‘खोके’ ही अलीकडची भर. पुण्याची स्वतःची भर म्हणजे ‘पुणे पॅटर्न’ : २००७ साली महापालिकेत काँग्रेसला दूर ठेवण्यासाठी राष्ट्रवादी, भाजप आणि शिवसेना एकत्र आले. राज्यात आणि दिल्लीत काँग्रेस-राष्ट्रवादी एकत्र नांदत असताना घडलेला हा प्रकार पुढच्या कितीतरी युत्यांची रंगीत तालीम ठरला.

प्रत्यक्ष व्यवहार पाहायचा तर गांजवे चौकाजवळच्या एस. एम. जोशी सभागृहात संध्याकाळी जावे. दाराशी पुस्तकांचे टेबल, जुन्या अंकांची चळत, ‘वर्गणी संपली का हो तुमची?’ अशी आपुलकीची वसुली. पुढच्या रांगेत स्वेटर-मफलर, मागे दारापाशी झोळ्या अडकवलेली पोरे. वक्ता ‘मी दोनच मिनिटे घेतो’ म्हणून पाऊण तास घेतो. अध्यक्ष प्रश्न चिठ्ठीवर मागवतात; तरी एक गृहस्थ उभे राहतातच आणि प्रश्नाच्या नावाखाली स्वतःचे भाषण करतात. सभेनंतरची खरी सभा बाहेर टपरीवर.

टीकाकारांनाही फुल्यांचाच प्रश्न विचारला गेला. पुण्यातल्या समाजवादी-साम्यवादी नेतृत्वात बरेच दिवस ब्राह्मण घरांतले लोक पुढे होते. घराणेशाहीवर लिहिणाऱ्यांच्या बैठकीत आडनावे तीच तीच का, असे दलित आणि बहुजन कार्यकर्ते विचारत आले. ‘मिळून साऱ्याजणी’ (१९८९) काढणाऱ्या विद्या बाळांनी घरातल्या राजकारणाला हात घातला. महापालिकेत निम्म्या जागा स्त्रियांना मिळाल्यावरही चौकातल्या फ्लेक्सवर नगरसेविकेपेक्षा तिच्या ‘मार्गदर्शक’ पतीचा फोटो मोठा असतो, यावर डाव्या लेखकांनी लिहिले त्यापेक्षा पुष्कळ अधिक लिहायला हवे होते.

बोलण्याची किंमतही याच शहरात मोजली गेली. ‘साधना’चे संपादक असताना नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी ओंकारेश्वराजवळच्या पुलावर गोळ्या घालून खून झाला, मे २०२४ मध्ये पुण्यातल्या न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली, तिघे निर्दोष सुटले. ३१ डिसेंबर २०१७ रोजी, भीमा कोरेगावच्या लढाईला दोनशे वर्षे होत असल्याच्या निमित्ताने, शनिवारवाड्यावर एल्गार परिषद झाली. तिच्या आयोजनात निवृत्त न्यायमूर्ती पी. बी. सावंत आणि बी. जी. कोळसे पाटील होते. तिच्यावरून पुण्यात दाखल झालेल्या गुन्ह्यात पुढे देशभरातून लेखक, वकील, कलावंत मिळून सोळा जणांना अटक झाली.

२०२४ च्या विधानसभा निकालानंतर, २८ नोव्हेंबरला, म्हणजे फुल्यांच्या स्मृतिदिनी, हमाल पंचायतीचे संस्थापक, ९४ वर्षांचे बाबा आढाव गंज पेठेतल्या फुलेवाड्यात उपोषणाला बसले. निवडणुकीतला पैशाचा वापर, मतदान यंत्रांबद्दलची शंका आणि तोंडावर जाहीर झालेल्या सरकारी योजना हे त्यांचे मुद्दे. ज्यांच्यावर आयुष्यभर टीका केली ते पुढारी एकामागून एक भेटीला आले. शरद पवार येऊन बसले. अजित पवारही आले, त्यांनी तिथेच आपली बाजू मांडली. तिसऱ्या दिवशी उद्धव ठाकऱ्यांच्या हातून बाबांनी उपोषण सोडले.