इन्व्हर्टर बंद पडला तो लोडमुळे की तापल्यामुळे?

इन्व्हर्टर मध्येच बंद पडला, बझर वाजला, लाल दिवा लागला, की बहुतेकांच्या तोंडी एकच वाक्य येतं: "लोड झेपत नाही." मग मोठ्या क्षमतेचा इन्व्हर्टर येतो, त्याच बंद कपाटात बसतो आणि काही दिवसांनी तोही तसाच बंद पडतो. पैसे वाया जातात याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण ओव्हरलोड आणि ओव्हरहीट ही दोन वेगळी दुखणी आहेत. लक्षण सारखं, पण औषध वेगळं. ओळखायचं असेल तर आधी घड्याळ बघा.

ओव्हरलोड झाला तर इन्व्हर्टर लगेच ट्रिप होतो. क्षमतेपेक्षा फार जास्त वॅट मागितले की आतलं सर्किट काही सेकंदांत सप्लाय तोडतं. पंपाची किंवा कॉम्प्रेसरची मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सात पट करंट ओढू शकते, त्या धक्क्यानेही असंच होतं. जास्तीचं उपकरण काढून रीसेट केलं की पुन्हा चालू. बॉडी फारशी तापलेलीही नसते. इथे लोड कमी करायचा, नाहीतर खरोखर मोठा इन्व्हर्टर घ्यायचा. घेताना व्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर) आणि वॅट यांत गल्लत नको, ०.८ पॉवर फॅक्टरला (व्हीएचा किती हिस्सा खरोखर कामी येतो, तो आकडा) १००० व्हीए म्हणजे ८०० वॅटच. आणि तासन्‌तास चालवायचं असेल तर क्षणभर झेपणारा 'पीक' आकडा सोडून 'कंटिन्युअस' आकडाच धरा.

तापून बंद पडणारा इन्व्हर्टर आधी बराच वेळ नीट चालतो. लोड क्षमतेच्या आत असतो, वीस-तीस मिनिटं काही तक्रार नसते, मग पंखा जोरात घोंगावू लागतो आणि शेवटी सगळं बंद. लगेच रीसेट केलं तर चालू होत नाही, झालाच तर थोड्या वेळात पुन्हा बसतो. गार झाला की मात्र नीट चालतो.

ही उष्णता येते कुठून? ९० टक्के कार्यक्षमतेचा इन्व्हर्टर १००० वॅट देत असेल तर बॅटरीकडून सुमारे ११११ वॅट घेतो. मधल्या १११ वॅटची आतच उष्णता होते. एक किलो ॲल्युमिनियम एका अंशाने तापायला साधारण ९०० ज्यूल पुरतात. म्हणजे उष्णतेला वाटच नसेल तर एक किलोचा हीटसिंक (आतली उष्णता ओढून हवेत सोडणारा ॲल्युमिनियमचा भाग) मिनिटाला ७ अंशांहून जास्त चढेल. प्रत्यक्षात हवा बरीच उष्णता काढून नेते, म्हणून वेळ लागतो. पण बंद कपाटात पंखा तीच गरम हवा पुन्हा पुन्हा आत ओढतो. पंखा हवा थंड करत नाही, फक्त हलवतो. बाहेरची ताजी हवा मिळाली तरच त्याचा उपयोग. त्यात मॉसफेट (करंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) तापला की त्याचा रोध वाढतो आणि तो आणखी तापतो. आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं (वीज क्षणभर साठवणाऱ्या भागाचं) आयुष्य तर दर १० अंशांमागे ढोबळमानाने निम्मं होतं. म्हणून तापलेल्या इन्व्हर्टरचं रीसेट बटण सारखं दाबत बसू नका.

खालून गार हवा आत आणि वरून गरम हवा बाहेर, अशी वाट ठेवा. चारही बाजूंना वीतभर जागा सोडा, जाळीतली धूळ काढा. वरून आणखी पंखा लावायचा तर त्याची दिशा आतल्या पंख्याशी जुळवा, नाहीतर दोघं एकमेकांवरच फुंकत राहतात. साधी लेड-ॲसिड बॅटरी त्याच बंद खोक्यात ठेवू नका. चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते.

एक जागा मात्र हमखास नजरेतून सुटते, ती म्हणजे बॅटरी केबलचा लग, म्हणजे केबलच्या टोकाची, नटाने टर्मिनलवर आवळायची धातूची कडी. १२ व्होल्टवर ते ११११ वॅट म्हणजे जवळजवळ ९३ अँपिअर. नट किंचित ढिला राहून तिथे फक्त ३ मिलिओहम रोध आला तरी त्या एका टिचभर जागेत सुमारे २६ वॅट उष्णता होते. छोटा सोल्डरिंग आयर्न साधारण २५ वॅटचा असतो, यावरून कल्पना करा. अशा लगजवळचं इन्सुलेशन तपकिरी पडतं, चकाकी जाते, वाकवलं तर तडकतं. तीच उष्णता तांब्यातून टर्मिनलवाटे इन्व्हर्टरच्या आत शिरते. बॅटरी उतरून ११ व्होल्टवर आली की तेवढ्याच लोडला १०१ अँपिअर लागतात, म्हणून त्रास शेवटच्या तासात वाढतो. २४ व्होल्टच्या सिस्टीमला करंट निम्मा आणि त्याच केबलमधली उष्णता पाव होते. लग तपासताना आधी लोड काढा, इन्व्हर्टर बंद करा, बॅटरी सोडवा आणि मगच पाना हातात घ्या.

तरीही शंका राहिली तर कपाटाची दारं सताड उघडी ठेवून तोच लोड तेवढाच वेळ चालवून बघा. इन्व्हर्टर टिकला तर कपाटाला जाळीची दारं बसवा. दारं उघडी असूनही पहिल्याच मिनिटात बसला, तर लोडचे वॅट मोजायला घ्या.