पाच भावांतला सर्वात चढा भाव आणि रेलू नेटवर्कचे थर

लासलगाव, पिंपळगाव, येवला, चांदवड, सिन्नर. या पाच बाजारांतला कांद्याचा सर्वात चढा भाव रेलू नेटवर्कने (म्हणजे अशा न्यूरल नेटवर्कने, ज्यातला न्यूरॉन ऋण संख्येचं शून्य करतो आणि धन संख्या तशीच पुढे देतो) तंतोतंत काढायचा, तर हिडन लेअर, म्हणजे मधले थर, किती लागतील? (आउटपुटचा थर मोजत नाही; पेपर वाचताना तो धरला आहे का ते आधी पाहावं, निम्मा गोंधळ तिथेच होतो.)

१९८९ मध्ये एक थर पुरतो असं सिद्ध झालं, पण ते हवं तितकं जवळ पोचण्याबद्दल. इथे पैशाचाही फरक चालत नाही.

दोन भावांना एक थर पुरतो: ब + रेलू(अ−ब). १,८५० आणि २,१०० घेतले, तर १,८५० + २५० = २,१००. तीन भावांना मात्र तो पुरत नाही. एका थरातल्या न्यूरॉनची घडी (आलेखाचा उतार जिथे बदलतो ती रेषा) आरपार जाते, तर तिघांच्या कमालीतल्या घड्या एकमेकींना भेटून तिथेच थांबतात. म्हणून कुस्तीसारख्या जोड्या लावायच्या: पाचाचे तीन, तीनाचे दोन, दोनाचा एक. थर तीन. २०१६ मध्ये याच रीतीने कुठल्याही अखंड, तुकड्यातुकड्याने सरळ फंक्शनसाठी थरांची वरची मर्यादा मिळाली. याहून कमी थरांत भागणार नाही, हा अंदाज २०२१ मध्ये मांडला गेला.

२०२३ मध्ये तो पूर्णांकी वेटसाठी (वेट म्हणजे नेटवर्क ज्यांनी आकडे गुणतं ते गुणक) सिद्ध झाला; त्यावरून प्रश्न मिटला असं वाटू शकतं. पण ती ‘पूर्णांकी’ अट नीट तपासायला हवी. बायस (न्यूरॉनमध्ये वरून मिळवायची ठराविक संख्या) नसेल तर प्रत्येक थराची अपूर्णांकी वेटं छेदाने गुणून पूर्णांकी करता येतात, कारण धन संख्येने गुणलं तरी रेलू तसाच वागतो. उत्तर तेवढ्या पटीने वाढतं, इतकंच. म्हणजे अटीने प्रत्यक्षात अडवला होता तो शेवटचा एक भागाकार! सिद्धता सम-विषमावर उभी होती. छेद विषम असतील तर ती टिकते, सम छेद आला की कोसळते. दशांश वेटांचे छेद १०, १०० असे सम असतात, म्हणूनच त्यांच्यासाठी किमान लागणाऱ्या थरांच्या सूत्रात २ ऐवजी (जोड्या लावण्यातून येतो तो) ३ च्या पायाचा लॉगरिदम येतो.

२०२५ मध्ये सिम्प्लेक्सचे (त्रिकोणाचं जास्त मितींतलं रूप) सोपे तुकडे पाडून पाच संख्यांची कमाल दोन थरांत बसवली गेली आणि २०२१ चा अंदाज खोटा ठरला. नऊ संख्यांना आता चाराऐवजी तीन थर पुरतात. वेटांवर काहीच अट नसेल, तर कितीही संख्यांना दोनच थर पुरतील ही शक्यता अजून कुणी खोडलेली नाही.