रक्ताच्या मूळपेशी आणि ‘एपिजेनेटिक’ या शब्दाचा गुंता

मिरजेत उपचारांसाठी सांगली-साताऱ्यापासून कर्नाटकच्या सीमाभागापर्यंतचे रुग्ण येतात. मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम (अस्थिमज्जेत रक्तपेशी नीट न बनण्याचा आजार) झालेल्या ज्येष्ठ रुग्णाला अझासायटिडीन हे औषध सुरू केले, तर दर २८ दिवसांनी सलग ७ दिवस इंजेक्शन घ्यावे लागते, आणि जत किंवा आटपाडीहून येणाऱ्या कुटुंबासाठी ही मोठीच धावपळ असते. हे औषध ‘एपिजेनेटिक’ आहे, म्हणजे जनुकांची अक्षरे न बदलता त्यांच्या चालू-बंद होण्यावर काम करते, असे कानावर पडल्यावर, मग ही केमोथेरपी नव्हे का, असा प्रश्न नातेवाइकांना पडतो. त्याला ‘हो’ किंवा ‘नाही’ असे सरळ उत्तर देता येत नाही.

हे संयुग १९६४ मध्ये प्रागमध्ये तयार झाले, तेव्हा ते पेशी मारणारे औषध म्हणूनच पाहिले जात होते. डीएनएवर चिकटणारे मिथिल गट जनुकांचे काम थांबवत असावेत, ही कल्पना १९७५ मध्ये दोन ठिकाणी स्वतंत्रपणे मांडली गेली, आणि १९८० च्या सुमारास असे दिसले की अझासायटिडीन नेमके हेच गट कमी करते व पेशींचे रूप पालटते. १९८२ मध्ये ते थॅलसेमियाच्या रुग्णाला देण्यात आले, तेव्हा जन्मानंतर मागे पडणारे गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन वाढले. मिथिल गट हटल्यामुळे जनुक जागे झाले, असा अर्थ लावण्यात आला. पण मिथिल गटांना थेट हात न लावणाऱ्या, पेशींची वाढ रोखणाऱ्या हायड्रॉक्सियुरिया या औषधानेही ते हिमोग्लोबिन वाढते, हे लवकरच दिसले आणि वाद पेटला. पुढे सिकलसेलसाठी हायड्रॉक्सियुरिया रुळले. अझासायटिडीनला अमेरिकेत २००४ मध्ये मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोमसाठी मान्यता मिळाली, आणि २००९ च्या चाचणीत जास्त धोक्याच्या रुग्णांचे मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) १५ महिन्यांवरून २४.५ महिन्यांवर गेले. त्यातला किती वाटा मिथिल गट हटवण्याचा आणि किती पेशी मारण्याचा, याचा निवाडा आजही स्वच्छ झालेला नाही.

शब्दाचा गुंता याहून जुना आहे. १९४२ मध्ये तो रूढ करणाऱ्या ब्रिटिश शास्त्रज्ञाला गर्भापासून पूर्ण देह घडण्याची सारी प्रक्रिया अभिप्रेत होती. नंतर तो डीएनएची अक्षरे न बदलता पेशींच्या पुढच्या पिढीत टिकणाऱ्या बदलांपुरता आला. रक्ताच्या बाबतीत हा दुसरा अर्थच कामाचा आहे. अस्थिमज्जेतील एकाच प्रकारच्या मूळपेशीपासून तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट बनतात, तेव्हा घडत असलेल्या पेशींतील डीएनए जवळपास तेच राहते. बदलते ती त्यावरील मिथिल गटांची आणि डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेले असते त्या हिस्टोन प्रथिनांवरील खुणांची मांडणी. मिरजेच्या सतारमेकरांना हे समजावून सांगावे लागणार नाही: सतार तीच असते, पडदे सरकवले की दुसऱ्या रागाला जुळते. अलीकडे गर्भसंस्कारांच्या प्रचारातही हा शब्द सैल अर्थाने येतो. त्याचा या विषयाशी संबंध नाही.

खरी अडचण २००९-१० मध्ये उभी राहिली. मायलॉइड (अस्थिमज्जेतील एका गटाच्या रक्तपेशींच्या) विकारांत टीईटी२ या, तर तीव्र मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात डीएनएमटी३ए या जनुकात उत्परिवर्तने, म्हणजे डीएनएच्या अक्षरांतले बदल, सापडली. डीएनएमटी३एमधील बदल तर या ल्युकेमियाच्या प्रौढ रुग्णांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्यात होते. डीएनएमटी३ए मिथिल गट चिकटवते आणि टीईटी२ ते काढण्याच्या कामी येते. अशा दोषाला ‘एपिजेनेटिक’ म्हणण्याची पद्धत पडली, पण ती दिशाभूल करणारी आहे, कारण चूक डीएनएच्या अक्षरांतच असते. बिघडतो तो पडदे बांधणारा हात. शिवाय ही दोन प्रथिने परस्परविरुद्ध कामे करत असूनही, कोणतेही एक निकामी झाले तरी मूळपेशी स्वतःच्याच प्रती जास्त काढू लागते आणि परिपक्व पेशी बनवण्यात कमी पडते, असे उंदरांवरील प्रयोगांत दिसले. दोन्हींचा परिणाम एकाच दिशेने का जातो, याचे समाधानकारक स्पष्टीकरण मिळायचे आहे.

२०१४ मध्ये असे दिसले की सत्तरी ओलांडलेल्या, रक्ततपासणी सर्वसाधारण असलेल्या सुमारे १० टक्के लोकांच्या रक्तातही अशाच उत्परिवर्तित पेशींचे कूळ वाढलेले असते, आणि त्यात डीएनएमटी३ए व टीईटी२ हीच जनुके आघाडीवर असतात. २०१५ मध्ये या अवस्थेला वेगळे नाव देताना रक्तातील त्या जनुकाच्या प्रतींपैकी किमान २ टक्के उत्परिवर्तित असाव्यात, अशी मर्यादा ठरवली गेली. ती मुख्यतः तपासणीच्या सोयीची होती, जीवशास्त्रातून आलेली नव्हती. अशा व्यक्तींना रक्ताचा कर्करोग होण्याचा धोका वर्षाला साधारण ०.५ ते १ टक्का असतो, हृदयविकाराचाही धोका वाढतो, आणि केवळ या निष्कर्षावरून अझासायटिडीन दिले जात नाही.