लोकलला इंजिन का नसतं?

एक्स्प्रेस फलाटावर येते तेव्हा आधी इंजिन दिसतं. लोकलला इंजिनच नसतं. मोटरमनच्या केबिनमागे लगेच माणसांची गर्दी सुरू होते. याचं श्रेय आपण सरसकट विजेला देतो. माझ्या मते त्यातलं निम्मं श्रेय फ्रँक स्प्रेग या अमेरिकन अभियंत्याचं आहे, आणि आपल्याकडे त्याचं नाव फारसं कुणी घेत नाही.

अडचण साधी होती. इंजिन गाडी ओढतं ते रुळांवरच्या पकडीच्या जोरावर, आणि ही पकड फिरवल्या जाणाऱ्या चाकांवर किती वजन आहे यावर ठरते. मागे डबे वाढवले की ओझं वाढतं, पकड तेवढीच राहते. त्यामुळे लांब गाडी रेंगाळत वेग घेते. लांबच्या प्रवासात हे खपतं. दर दोन-तीन मिनिटांनी स्टेशन येणाऱ्या मार्गावर मात्र सगळा वेळ वेग घेण्यात आणि थांबण्यातच जातो. शिवाय शेवटच्या स्टेशनात इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला जोडायचं, तोवर फलाट अडून राहतो.

स्प्रेग आधी नौदलात होता, मग काही काळ एडिसनकडे. 1888 मध्ये त्याने व्हर्जिनियातल्या रिचमंड शहरात विजेच्या ट्राम यशस्वीपणे चालवून दाखवल्या. पुढे तो विजेच्या लिफ्टच्या धंद्यात शिरला. अनेक लिफ्ट एकाच जागेवरून चालवता येतात, तर अनेक डबे का नाही, हा विचार त्याला तिथे सुचला. मग प्रत्येक मोटर डब्याला स्वतःच्या मोटरी दिल्या आणि गाडीभर एक बारीक कंट्रोलची तार नेली. चालकाच्या हँडलमधून मोटरींचा प्रचंड प्रवाह जात नाही, जातो तो फक्त इशारा. तो मिळाला की प्रत्येक मोटर डब्यातले स्विच आपापल्या मोटरींना वीज देतात, सगळे एकाच वेळी. डबे वाढले की ताकद आणि पकडही वाढते. गाडी परत फिरवायची तर चालकाने फक्त दुसऱ्या टोकाच्या केबिनमध्ये जायचं.

जुलै 1897 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडी इथे या पद्धतीची चाचणी झाली. सहा डब्यांची गाडी चालवली स्प्रेगच्या दहा वर्षांच्या मुलाने! वर्षभरात शिकागोची साउथ साइड एलिव्हेटेड रेल्वे याच पद्धतीवर धावू लागली.

त्यानंतर अमेरिकेत गावं आणि शहरं जोडणाऱ्या विजेच्या रेल्वेंचं जाळं पसरलं. लॉस एंजेलिसच्या पॅसिफिक इलेक्ट्रिकचे मार्ग हजार मैलांवर गेले होते. मोटारी आणि हमरस्ते आले आणि 1961 मध्ये तिचा शेवटचा मार्गही बंद झाला. मला याची फार खंत वाटते. शिकागोहून साउथ बेंडला जाणारी साउथ शोअर लाइन मात्र तगली. 1926 पासून ती 1500 व्होल्ट डीसीवर, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर धावते.

आपल्याकडे 3 फेब्रुवारी 1925 रोजी व्हीटी ते कुर्ला हार्बर मार्गावर पहिली विजेची गाडी धावली, तीही 1500 व्होल्ट डीसीवरच. गाड्या लांब झाल्या तसा हा दाब अपुरा पडू लागला. समजा गाडीला 3 मेगावॅट हवेत. 1500 व्होल्टला त्यासाठी 2000 अँपिअर लागतात, 25,000 व्होल्टला सुमारे 120. तारेत उष्णता होऊन वाया जाणारी वीज प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते (प्रवाह दुप्पट, तर नुकसान चौपट), म्हणून हा फरक साधा नाही. डीसीला तारेत वीज सोडणारी सबस्टेशनंही फार जवळजवळ लागतात. 2012 मध्ये पश्चिम रेल्वेवर आणि 2016 पर्यंत मध्य आणि हार्बर मार्गांवर 25 किलोव्होल्ट (25,000 व्होल्ट) एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारी वीज आली, तीही रोजच्या गाड्या चालू ठेवून.

विजेचा दाब आणि प्रकार बदलला, पण मोटरी गाडीभर वाटण्याची स्प्रेगची कल्पना तशीच राहिली. जपानने 1964 मध्ये तीच शिंकान्सेनला लावली. 2019 पासून धावणाऱ्या वंदे भारतमध्येही वेगळं इंजिन नाही. तिच्या निम्म्या डब्यांखाली मोटरी आहेत.