इंटरनेट फोनची ग्राहक-प्रमाणपत्र पडताळणी

इंटरनेटवरून चालणारा फोन सर्व्हरला जोडला जाताना पासवर्डच्या आधी किंवा त्याऐवजी स्वतःचे डिजिटल प्रमाणपत्र दाखवतो आणि ओळख पटवतो, ती ही पद्धत. संकेतस्थळ उघडताना प्रमाणपत्र फक्त सर्व्हर दाखवतो. येथे ते दोन्ही बाजूंना दाखवावे लागते, म्हणून हिला परस्पर टीएलएस असेही म्हणतात (टीएलएस म्हणजे जोडणीतला मजकूर वाटेत कोणाला वाचता येऊ नये म्हणून तो झाकणारा नियमसंच). पडताळणी होते ती यंत्राची. फोनवर साहेब बोलत आहेत की चहा द्यायला आलेला पोऱ्या, हे सर्व्हरला कळत नाही.

अशा फोनचे कॉल जुळवण्याचे काम बहुधा सिप हा नियमसंच करतो. त्याची आजची मूळ संहिता, आरएफसी ३२६१ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचा क्रमांकित दस्तऐवज), जून २००२ मध्ये निघाली. रजिस्ट्रार (फोनची नोंद ठेवणारा) आणि प्रॉक्सी (कॉल पुढे पोचवणारा) सर्व्हरला टीएलएस आलेच पाहिजे, आणि तेही एकतर्फी व परस्पर अशा दोन्ही प्रकारे, असे तीत बजावले आहे. फोनच्या बाबतीत मात्र संहितेने हात आखडता घेतला. फोनने स्वतःचे प्रमाणपत्र बाळगायला हरकत नाही, पण ते कसे वापरायचे याची तरतूद या दस्तऐवजात नाही, असे तीत सरळ नमूद आहे. ही रिकामी जागा फोन बनवणाऱ्या कंपन्यांनी आपापल्या परीने भरली आणि या विषयातली बरीचशी गुंतागुंत तिथूनच आली.

प्रचलित पद्धतीत फोन एक्सटेन्शन क्रमांक आणि पासवर्डवर रजिस्टर होतो, म्हणजे सर्व्हरकडे आपली नोंद करतो. पासवर्ड उघडा जात नाही, सर्व्हरने दिलेल्या आकड्याशी मिसळून त्याचा एमडी५ ठसा, म्हणजे गणिताने काढलेली खूण, जातो (एसएचए-२५६ या अधिक भक्कम ठशाची सोय सिपमध्ये २०२० साली आली). पण एक्सटेन्शन १०१चा पासवर्डही १०१ ठेवला असेल, तर ठसा कितीही चांगला असून उपयोग काय? ५०६० हे सिपचे नेहमीचे पोर्ट, म्हणजे सर्व्हरचे क्रमांकित दार, इंटरनेटवर उघडे असलेल्या सर्व्हरची लॉग फाइल पाहावी. १००, १०१, १०२ असे क्रमांक लावून पाहणाऱ्या रजिस्टर-मागण्यांची रात्रभर रीघ लागलेली असते, आणि पाठवणाऱ्या फोनच्या नावाच्या जागी अनेकदा ‘फ्रेंडली-स्कॅनर’ लिहिलेले असते. सिपव्हिशस या चाचणी-साधनाची ती ठरलेली खूण आहे. पासवर्ड लागला की परदेशातल्या महागड्या क्रमांकांवर कॉल सुटतात, आणि बिल हातात पडेपर्यंत कोणाच्या गावीही नसते.

ओळखीच्या आयपी पत्त्यांनाच आत घ्यावे, हा त्यावरचा सोपा उपाय. जळगाव, भुसावळ, धुळे अशा शहरांत फायबरवर स्थिर पत्ता घेतला की तो चालून जातो. पण खानदेश म्हणजे तेवढाच नव्हे. समजा एका पतसंस्थेचा सर्व्हर जळगावच्या मुख्य कार्यालयात आहे, एक शाखा रावेरला, एक शिरपूरला आणि एक नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्यातल्या धडगावला. धडगावची शाखा राउटरमधल्या मोबाइल सिमवर चालते. मोबाइल कंपन्या असंख्य ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात आणि तो पत्ताही बदलत राहतो. तिथल्या फोनला पत्त्यावरून ओळखायचे तर त्याच्यासोबत अनोळखी लोकांचा जथाच आत घ्यावा लागेल. प्रमाणपत्र पत्त्याला बांधलेले नसते. सिम बदलले, फोन उचलून रावेरला नेला, तरी ओळख तीच राहते. व्हीपीएनने, म्हणजे इंटरनेटवरून काढलेल्या खाजगी बोगद्याने, हेच साधता येते आणि काही फोनमध्ये त्याची सोय असते, पण प्रत्येक शाखेत आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते.

जोडणी साधारणपणे ५०६१ या पोर्टवर होते. सर्व्हर आपले प्रमाणपत्र देतो आणि फोनकडे त्याचे मागतो. प्रमाणपत्राचा साचा १९८८ सालच्या एक्स.५०९ मानकाचा असतो. त्यात फोनचे नाव, सार्वजनिक की (फोनकडच्या गुप्त खाजगी कीची सर्वांना दाखवता येणारी जोडीदार), मुदत आणि ते देणाऱ्या प्रमाणपत्र अधिकाऱ्याची, म्हणजे संस्थेची, डिजिटल सही असते. प्रमाणपत्राची प्रत कोणाच्याही हाती लागू शकते, म्हणून नुसते ते दाखवून भागत नाही. तोवर झालेल्या हँडशेकवर, म्हणजे जोडणी जुळवताना दोघांत झालेल्या संदेशांवर, फोनला आपल्या खाजगी कीने सही करावी लागते. हँडशेक दर वेळी नवा असल्यामुळे कालची सही आज चालत नाही. टीएलएस १.२ मध्ये फोनचे प्रमाणपत्र वाटेत उघडे दिसते, २०१८च्या १.३ मध्ये ते झाकले गेले. मात्र १.३ मध्ये सर्व्हर फोनची तपासणी करण्याआधीच फोनच्या बाजूने हँडशेक पूर्ण झालेला असतो. त्यामुळे नाकारलेला फोन ‘जोडला गेला आणि लगेच तुटला’ असे दाखवतो, आणि दुरुस्तीला आलेला माणूस आधी नेटवर्कच तपासत बसतो.

सर्व्हरवरची मांडणी दिसते त्याहून फसवी असते. ॲस्टरिस्क या फोन-सर्व्हर सॉफ्टवेअरच्या पीजेसिप या सिप सांभाळणाऱ्या भागात दोन वेगळे पर्याय आहेत: एक आलेले प्रमाणपत्र तपासण्याचा, दुसरा प्रमाणपत्र नसलेल्याला बाहेर ठेवण्याचा. पहिलाच चालू केला तर खोटे प्रमाणपत्र अडते आणि काहीच न आणणारा सुखाने आत येतो. शिवाय टीएलएस फक्त जोडणीला मान्यता देते, एक्सटेन्शनला नाही. रावेरचा फोन खरे प्रमाणपत्र दाखवून मुख्य कार्यालयाच्या क्रमांकावर रजिस्टर होऊ पाहील, तर त्याला पासवर्डच अडवणार. कामाइलिओ या दुसऱ्या सिप-सर्व्हर सॉफ्टवेअरमध्ये प्रमाणपत्रातले नाव आणि मागितलेले एक्सटेन्शन यांची तुलना स्क्रिप्टमध्ये लिहिता येते, ती लिहावीच. आणि ५०६१वर एवढी चौकी बसवून यूडीपीचे, म्हणजे टीएलएसशिवायच्या साध्या वाहतुकीचे, ५०६० तसेच उघडे ठेवले, तर पुढच्या दाराला कुलूप आणि मागचे दार सताड, अशी गत होते.

प्रमाणपत्र येते कुठून? अनेक कंपन्यांच्या फोनमध्ये ते कारखान्यातच घातलेले असते आणि त्यात त्या फोनचा मॅक पत्ता, म्हणजे कारखान्यात ठरलेला नेटवर्क क्रमांक, असतो. हे सोयीचे दिसते, पण सर्व्हरने त्या कंपनीच्या मूळ प्रमाणपत्रावर विश्वास ठेवला की त्या कंपनीचा जगातला कोणताही फोन पात्र ठरतो, म्हणून मॅक पत्त्यांची यादी जुळवणे भाग पडते. सिस्कोच्या व्यवस्थेत कारखान्याचे आणि संस्थेने दिलेले अशी दोन वेगळी प्रमाणपत्रे असतात, ती याचसाठी. संस्थेने स्वतःचा छोटा प्रमाणपत्र अधिकारी उभारणे बरे. खाजगी की फोनमध्येच तयार झाली तर उत्तम. ती सेटिंग फाइलमधून पाठवायची वेळ आली तर टीएफटीपी किंवा साध्या एचटीटीपीवरून पाठवू नये, या वाटांवर मजकूर झाकलेला नसतो.

ई-निविदा भरणाऱ्या कंत्राटदाराच्या खिशातला डीएससी (डिजिटल सहीचे प्रमाणपत्र) टोकनही याच एक्स.५०९ कुळातला. पण तो माणसाच्या नावाने असतो आणि माहिती तंत्रज्ञान कायदा २०००खाली परवाना मिळालेल्या प्रमाणपत्र अधिकाऱ्याकडून मिळतो. फोनच्या कामी त्याचा उपयोग नाही. सार्वजनिक प्रमाणपत्र अधिकाऱ्यांवरही या कामासाठी विसंबता येत नाही: संकेतस्थळांना मोफत प्रमाणपत्रे देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टने २०२६ पासून आपल्या प्रमाणपत्रांतून ग्राहक-ओळखीचा वापर काढून टाकण्याचे २०२५ मध्येच जाहीर केले.

प्रत्यक्षात सर्वाधिक त्रास घड्याळाचा होतो. स्वस्त फोनमध्ये घड्याळाला स्वतःची बॅटरी नसते. मे महिन्यात वादळ होऊन रावेर-यावलकडे केळीबागा आडव्या होतात तेव्हा लाइटही जाते. ती परत आली की असा फोन १९७० किंवा तशाच कुठल्यातरी जुन्या तारखेपासून सुरू होतो. त्या तारखेला सर्व्हरचे प्रमाणपत्र अजून लागूच झालेले नसते, म्हणून फोन सर्व्हरला नाकारतो. एनटीपीवरून, म्हणजे नेटवर्कवरून घड्याळ जुळवण्याच्या सोयीने, वेळ मिळाली की गाडी रुळावर येते, पण मोबाइल राउटरला नेटवर्क पकडायला उशीर झाला तर फोन तोवर ‘रजिस्टर नाही’ दाखवत राहतो. शाखेतल्या राउटरवरच वेळ देण्याची सोय असेल आणि राउटर इन्व्हर्टरवर असेल, तर हा त्रास बराचसा टळतो.

मुदतीचेही तसेच. एकाच दिवशी दिलेली प्रमाणपत्रे एकाच दिवशी संपतात, पण फोन त्या दिवशी बंद पडतीलच असे नाही. चालू जोडणीत प्रमाणपत्र सहसा पुन्हा तपासले जात नाही. ती तुटते तेव्हा, म्हणजे पुढच्या वेळी लाइट जाते तेव्हा, सगळी शाखा एकदम मुकी होते आणि दोष विजेवर जातो. चोरीला गेलेल्या फोनचे प्रमाणपत्र रद्द यादीत घातले तरी त्याची चालू जोडणी सर्व्हरवरून हाताने तोडावी लागते, आणि सर्व्हर ती यादी खरोखर वाचतो का, हेही पाहावे लागते.

बोलण्याचा आवाज या पडताळणीने झाकला जात नाही. त्यासाठी २००४ साली आलेले एसआरटीपी, म्हणजे आवाज झाकून पाठवण्याचा नियमसंच, वेगळे लावावे लागते. एसडीईएस या की पोचवण्याच्या पद्धतीत त्याची की सिपच्या संदेशातूनच जाते, म्हणून खाली टीएलएस नसेल तर ती वाटेत कोणीही वाचू शकतो. सर्व्हरला ती की टीएलएस असतानाही दिसते, त्यामुळे मुख्य कार्यालयात शाखांचे कॉल रेकॉर्ड करता येतात.