वनस्पतिजन्य ड्रेसिंगचा परवाना: अर्ज कोणता, पात्र कोण, कागद कुठले

छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेडकडच्या फार्मसी कॉलेजांत कुणी ना कुणी गवारगम, भेंडीचा चिकट रस, अळशी नाहीतर बाभळीचा डिंक घेऊन जखमेवर लावायची फिल्म, म्हणजे पातळ पापुद्र्यासारखं ड्रेसिंग, करत असतं. पाझर शोषणारी, ओलावा टिकवणारी, काढताना कातडी न ओढणारी. कच्चा माल आपल्याच रानातला. काम चांगलं असूनही ते प्रबंधातच अडकतं, कारण पुढचा अर्ज कुठे करायचा हे ठाऊक नसतं. म्हणून ही माहिती.

जखमेचं ड्रेसिंग कायद्याने वैद्यकीय उपकरण आहे आणि त्याला वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ लागू होतात. अर्जाआधी एक वाक्य लिहून काढा: हे ड्रेसिंग कोणत्या जखमेवर आणि कशासाठी. पुढचा सगळा मार्ग त्यावर ठरतो. नियमांत धोक्यानुसार उपकरणांचे चार वर्ग आहेत: सगळ्यात कमी धोक्याचा क्लास ए, सगळ्यात जास्त धोक्याचा क्लास डी. कडा जुळवून भरणाऱ्या जखमेवर नुसतं आवरण घालायचं किंवा पाझर शोषायचा, तर क्लास ए. जखमेतला ओलावा सांभाळण्याचा दावा केला की क्लास बी. आपल्याकडच्या बहुतेक हायड्रोजेल (पाणी धरून ठेवणाऱ्या) फिल्म इथेच येतात. मधुमेहींच्या पायाला होते तशी, तळातून हळूहळू भरत येणारी खोल जखम असेल तर क्लास सी. प्रतिजैविक मिसळलं तर थेट क्लास डी. हळदीचा, कडुनिंबाचा अर्क घालायचा मोह होतो, पण तो औषधी गुणासाठी घातला की औषधाचे प्रश्नही उभे राहतात. माझं मत स्पष्ट आहे: पहिला अर्ज साध्या पॉलिमरचाच, म्हणजे औषधी अर्क न घातलेल्या डिंकाच्या फिल्मचाच करा.

चाचणीपुरतं थोडं उत्पादन करायलाही परवाना लागतो. त्यासाठी केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेकडे (सीडीएससीओ) ऑनलाइन एमडी-१२ या नमुन्यातला अर्ज भरायचा. मिळतो तो परवाना एमडी-१३, मुदत तीन वर्षं. सोबत उपकरणाचं वर्णन, वापराचा हेतू, घटक, यंत्रसामग्री आणि पात्र मनुष्यबळाची यादी जोडावी लागते. या परवान्यावर केलेला माल विकता येत नाही.

मग चाचण्या. आयएसओ १०९९३ या आंतरराष्ट्रीय मानकांच्या मालिकेनुसार पेशींवरचा विषारी परिणाम, त्वचेची जळजळ आणि ॲलर्जी तपासतात. प्राण्यांवर प्रयोग असेल तर संस्थेच्या प्राणी नीतिसमितीची मंजुरी आधी हवी. माणसांवरच्या चाचणीबाबत मोठा गैरसमज आहे. बाजारात तशा प्रकारचं परवानाप्राप्त उपकरणच नसेल, तर कॉलेजच्या किंवा रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीचं पत्र एकटं पुरत नाही. एमडी-२२ अर्ज करून केंद्राची एमडी-२३ परवानगी घ्यावी लागते. रुग्णाच्या उघड्या जखमेवर नवी वस्तू ठेवायची आहे, तेव्हा ही पायरी कुणीही गाळू नये.

विक्रीसाठी क्लास ए आणि बी असेल तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे एमडी-३ अर्ज, परवाना एमडी-५. शुल्क प्रत्येक जागेला ५,००० रुपये आणि प्रत्येक उपकरणाला ५००. क्लास सी आणि डी केंद्राकडे: अर्ज एमडी-७, परवाना एमडी-९, शुल्क जागेला ५०,००० आणि उपकरणाला १,००० रुपये. क्लास बीमध्ये मान्यताप्राप्त संस्थेचं ऑडिट परवान्याआधी होतं, क्लास एमध्ये नंतर. निर्जंतुक नसलेल्या, मोजमाप न करणाऱ्या क्लास ए उपकरणांना नुसती नोंदणी पुरते. पण जखमेवरचं ड्रेसिंग निर्जंतुकच हवं, त्यामुळे या सवलतीच्या भरवशावर राहू नका.

पात्रतेची अडचण जागेची असते. स्वतःचा कारखाना नसेल तर लोन लायसन्सची सोय आहे: दुसऱ्याच्या परवानाधारक जागेत उत्पादन करायचं, त्यासाठी क्लास ए-बीला एमडी-४ अर्ज.

कागदपत्रं अशी: संस्थेची घटना किंवा भागीदारीपत्र, जागेच्या मालकीचा अथवा भाड्याचा पुरावा, प्लांट मास्टर फाइल (कारखान्याची सविस्तर माहिती), डिव्हाइस मास्टर फाइल (उपकरणाची सविस्तर माहिती), चाचणी अहवाल, लेबल आणि वापरसूचनेचा मसुदा, गुणवत्ता व्यवस्थापनाची हमी. सगळ्यात जास्त वेळ डिव्हाइस मास्टर फाइलला द्या. वनस्पतीचा माल हंगामागणिक बदलतो. डिंकाचा चिकटपणा, ओलावा, जंतुसंख्या प्रत्येक लॉटला कशी तपासता आणि निर्जंतुक केल्यावर फिल्म टिकते का, हे त्यात आकड्यांनिशी दाखवा.

पेटंट घ्यायचं असेल तर पेपर छापण्याआधी अर्ज करा. भारतातली जैविक संपत्ती वापरली असेल तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाच्या अटीही पाळाव्या लागतात. रानातून डिंक गोळा करून व्यावसायिक वापर करायचा असेल, तर नागपूरच्या राज्य जैवविविधता मंडळाकडे आधी चौकशी करा.